शेतवस्तीवरील राखणीचे पिलू : पहिल्या सोळा आठवड्यांची निगा

पावसाळा ओसरू लागला की गावोगावच्या कुत्र्या बहुधा माजावर येतात, आणि त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी, थंडीच्या भरात, कडब्याच्या गंजीच्या आडोशास किंवा पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात पिले दिसू लागतात. वस्तीवर राखणीस एखादे कुत्रे असावे असे वाटणारा शेतकरी त्यांतील एक धष्टपुष्ट पिलू उचलून घरी आणतो. कालवड विकत घेताना जो शेतकरी तिचे दात पाहतो, आईचे दूध विचारतो आणि चार जाणत्यांचा सल्ला घेतो, तोच शेतकरी पिलाच्या बाबतीत मात्र काहीच विचारीत नाही. पिलू फुकट मिळते, म्हणून त्याच्या निगेसही काही लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज महागात पडतो. अशी कित्येक पिले दोन-तीन महिन्यांतच दगावतात. जी जगतात, त्यांतील काही जंताच्या अंड्यांनी अंगण दूषित करतात, काही शेळ्या-मेंढ्यांस रोग देतात, आणि एखादे पिसाळून घरातील मुलांच्या जिवावर उठते. उलटपक्षी, पहिल्या सोळा आठवड्यांत ज्याची नीट निगा राखली गेली, ते पिलू पुढे दहा-बारा वर्षे खळे, गोठा व वस्ती यांची इमानाने राखण करते. या निगेस फारसा पैसा लागत नाही. ती वेळेवर मात्र झाली पाहिजे. कोणत्या वेळी काय करावे व का करावे, याचा विचार पुढे केला आहे.

पिलू केव्हा आणावे

कुत्रीचे पिलू जन्मतः आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिले चार आठवडे त्यास आपल्या शरीराची ऊब स्वतः राखता येत नाही; ते आईच्या व भावंडांच्या अंगाला चिकटूनच जगते. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात, आणि चौथ्या आठवड्यापासून ते पातळ अन्न चाटू लागते. परंतु अन्न चाटू लागले म्हणजे ते आईपासून तोडण्याजोगे झाले, असे नव्हे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ते भावंडांशी खेळताना एक महत्त्वाचा धडा शिकत असते. जोराने चावले की भावंड ओरडते व खेळ थांबतो. त्यावरून दात किती जोराने लावावेत, हे त्यास उमगते. हा धडा न शिकलेले पिलू पुढे मुलांच्या हातापायांस जोराने चावते.

म्हणून पिलू आठ आठवड्यांचे झाल्यावाचून घरी आणू नये. आई वाहनाखाली सापडून मेली किंवा नाहीशी झाली, तरच लहान पिलू उचलणे भाग पडते. अशा वेळी त्याच्या उबेची व दर दोन-तीन तासांच्या दुधाची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, हे लक्षात ठेवावे.

निवड कशी करावी

पिलांच्या घोळक्यापाशी थोडा वेळ शांत बसावे. जे पिलू सर्वांना ढकलून अंगावर धावते ते, किंवा जे कोपऱ्यात दबून थरथरते ते, न घेता, जे थोडे थबकून नंतर आपणहून जवळ येते ते निवडावे. डोळे स्वच्छ, नाक कोरडे पडलेले किंवा शेंबडाने भरलेले नसलेले, हिरड्या गुलाबी आणि शेपटीखालची जागा कोरडी असावी. बरगड्या दिसत असून पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असेल, तर ती तब्येत नसून पोटातील जंत होत. अंगावर केस गेलेले चट्टे असल्यास खरजेची शंका घ्यावी.

राखणीसाठी नरच हवा, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो व माद्या टाकून दिल्या जातात. यास आधार नाही. मादी राखणीस नरापेक्षा उणी नसते, व ती वस्ती सोडून सहसा दूर भटकत नाही. पिलावळीची भीती असल्यास सुमारे सहा महिन्यांच्या वयानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने तिची नसबंदी करून घ्यावी. नको असलेली पिले गोणीत भरून दूर सोडून येणे हे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार तो गुन्हाही आहे.

कान किंवा शेपूट कापल्याने कुत्रे तिखट होते, मिरची चारल्याने ते पिसाट राखण करते, अशा समजुतींचा येथेच निकाल लावलेला बरा. कान कापल्याने जखमेत आसडी पडते व पिलू माणसाच्या हातास भिऊ लागते. मिरचीने केवळ पोट बिघडते. भ्यालेले कुत्रे चावरे होते, पण राखणदार होत नाही.

जागा व पहिली रात्र

नव्या घरी आलेले पिलू पहिल्या दोन-तीन रात्री रडते. भावंडांच्या ढिगात झोपण्याची सवय असलेला तो जीव आयुष्यात प्रथमच एकटा झोपत असतो. त्याच्या रडण्याने घरच्यांची झोपमोड होते, कोणीतरी त्रासून त्यास अंगणात काढते, आणि बऱ्याच अनर्थांचा आरंभ तेथूनच होतो.

यावर सोपा उपाय आहे. पिलू आणतानाच आईच्या व भावंडांच्या अंगाखालील गोणपाटाचा तुकडा सोबत आणावा. फळांच्या रिकाम्या खोक्यात किंवा मोठ्या पाटीत सुके गोणपाट अंथरून त्यावर तो तुकडा ठेवावा. थंडी असल्यास बाटलीत कोमट पाणी भरून, ती जाड फडक्यात गुंडाळून, खोक्याच्या एका कडेस ठेवावी, म्हणजे ऊब नको झाल्यास पिलास दूर सरकता येते. खोके ओसरीवर न ठेवता, पहिले काही दिवस घरातील माणसे झोपतात तेथेच ठेवावे. नुसत्या फरशीवर किंवा शेणाने ओल्या सारवलेल्या जमिनीवर पिलू निजवू नये. दिवसातून अठरा-वीस तास झोपणे हे या वयात स्वाभाविक आहे. मुलांनी त्यास झोपेतून वारंवार उठवू नये.

जुन्नर, अकोले यांसारख्या ऊसपट्ट्यातील तालुक्यांत आणखी एक कारण आहे. तेथे बिबट्यांचा वावर वस्त्यांपर्यंत असून कुत्रे हे त्यांचे एक प्रमुख भक्ष्य आहे. अंगणात बांधलेले पिलू स्वतः तर जातेच, शिवाय बिबट्यास घराच्या दारापर्यंत येण्याची वाट दाखविते. अशा भागात पिलू, आणि पुढे मोठे कुत्रेही, रात्री बंद जागेत असावे.

आहार

आठ ते बारा आठवड्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, बारा आठवड्यांनंतर तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा अन्न द्यावे. पिलाचे पोट लहान असते व वाढ झपाट्याची असते. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा देणे हिताचे ठरते. नव्या घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस ते पूर्वी जे खात होते तेच द्यावे, आणि मग हळूहळू बदल करावा.

गाईचे किंवा म्हशीचे दूध हेच पिलाचे पूर्ण अन्न, असे मानले जाते. वास्तविक कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ अधिक असतात आणि दुधातील साखर कमी असते. आठ आठवड्यांनंतर ही साखर पचविण्याची पिलाची शक्तीही उतरू लागते. म्हणून वाटीभर दूध प्यायल्याने अनेक पिलांस हगवण लागते. दूध द्यायचे तर थोडे द्यावे. दही किंवा गोडे ताक त्याहून बरे पचते.

नुसती भाकरी व दूध यांवर वाढलेल्या पिलास प्रथिने अपुरी पडतात. नुसते मांस चारणेही बरे नव्हे, कारण मांसात चुना फारच थोडा असल्याने वाढत्या पिलाची हाडे मऊ राहून पाय वाकतात. घरच्या घरी पुढीलप्रमाणे मिश्र आहार देता येईल : ज्वारीची, बाजरीची किंवा गव्हाची मऊ कुस्करलेली भाकरी अथवा भात, त्यात शिजवून घोटलेले डाळीचे वरण, रोज एक उकडलेले अंडे, किंवा हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, थोडे दही, आणि शिजविलेला भोपळा किंवा गाजर. चुन्याचे व जीवनसत्त्वांचे औषध पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे. पिलांसाठी बाजारात मिळणारे तयार खाद्य परवडत असल्यास तेही चालते. मात्र ते पिलांसाठीचेच असावे.

घरातील उरलेली भाजी व रस्सा पिलाच्या ताटलीत ओतण्याची पद्धत सोडली पाहिजे. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चॉकलेटही विषारी आहे. शिजलेले कोंबडीचे हाड चिरफळून घशात किंवा आतड्यात टोचते. पाणी मात्र नेहमी स्वच्छ व हाताशी असावे.

जंत : पिलाचे, मुलांचे आणि मेंढ्यांचे

पोटात गोल जंत नाहीत असे गावठी पिलू विरळाच. कारण हे जंत पिलास बाहेरून लागण्याची वाट पाहत नाहीत. ते आईच्या पोटात असतानाच, आणि पुढे आईच्या दुधातूनही, पिलाच्या शरीरात शिरतात. म्हणून जंताचे पहिले औषध पिलू दोन आठवड्यांचे असतानाच द्यावे लागते. त्यानंतर बारा आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्यास, व नंतर दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. औषधाचे प्रमाण पिलाच्या वजनावर ठरते. तेव्हा पिलू पिशवीत घालून काट्यावर तोलावे व वजन सांगूनच पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्यावे. शेळ्यांसाठी आणलेले औषध अंदाजाने पाजू नये.

याच जंताची अंडी विष्ठेवाटे अंगणात पडतात, मातीत अनेक महिने टिकतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. मुलाच्या शरीरात या जंताच्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत व क्वचित डोळ्यातही भटकतात. म्हणून पिलाची विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरावी. ती भाजीच्या वाफ्यात पडू देऊ नये. पिलाशी खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

मेंढपाळांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मेंढी किंवा बकरा कापल्यावर त्याचे यकृत, फुप्फुसे किंवा डोके कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत आहे. त्या अवयवांत पाण्याने भरलेले बुडबुड्यांसारखे कोश असतात. त्यांत पट्टकृमीची पिलावळ दडलेली असते. कुत्र्याने ते खाल्ले की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे चराईच्या रानात पडतात, आणि गवताबरोबर पुन्हा मेंढ्यांच्या पोटात जातात. एका जातीच्या पट्टकृमीचे कोश मेंढीच्या मेंदूत वाढतात व ती एकाच बाजूने गरगर फिरू लागते. दुसऱ्या जातीचे कोश माणसाच्या यकृतात व फुप्फुसांत नारळाएवढे होऊ शकतात, व ते काढण्यास शस्त्रक्रिया करावी लागते. हे चक्र तोडण्याचा मार्ग सोपा आहे : कापलेल्या जनावराचे कच्चे अवयव कुत्र्यास कधीही देऊ नयेत, ते खोल पुरावेत, आणि कळपाबरोबरच्या कुत्र्यांस पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावे.

चीक आणि लस

वासरास पहिला चीक का पाजावा, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. पिलाच्या बाबतीतही तसेच आहे. आईच्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती त्यास पहिले काही आठवडे रोगांपासून वाचविते. परंतु हीच शक्ती लसीसही निष्प्रभ करते. ती एखाद्या पिलात सहाव्या आठवड्यासच संपते, तर एखाद्यात चौदाव्या-पंधराव्या आठवड्यापर्यंत टिकते. आणि ती कधी संपली, हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच एकच लस टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस द्यावी, आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा टोचावी. “एकदा सुई दिली होती, तरी पिलू मेले,” अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे मूळ बहुधा या अर्धवट राहिलेल्या लसीकरणात असते.

या लसीने मुख्यतः दोन रोग टळतात. पहिला पार्व्हो. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पिलू प्रथम खाणे सोडते, मग ओकाऱ्या सुरू होतात, आणि दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण लागते. शरीरातील पाणी आटून दोन-तीन दिवसांत ते दगावू शकते. अशा वेळी घरगुती औषधांत एक दिवसही न दवडता पिलू दवाखान्यात न्यावे. शिरेतून पाणी मिळाल्यास अनेक पिले वाचतात. या रोगाचे विषाणू जमिनीत अनेक महिने जिवंत राहतात व साध्या फिनेलने मरतात असा भरवसा नाही. त्यासाठी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी व भांडी धुवावीत. ज्या अंगणात पार्व्होने पिलू मेले, तेथे लसीचा क्रम पूर्ण न झालेले दुसरे पिलू वर्षभर आणू नये. दुसरा रोग डिस्टेंपर. त्यात ताप, डोळ्यांतून व नाकातून पू, आणि पुढे झटके येतात.

लसीचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिलास बाजारात, उकिरड्यावर किंवा गावातील इतर कुत्र्यांत फिरू देऊ नये.

पिसाळ : ज्यास उपाय नाही, पण प्रतिबंध आहे

आता सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळले पाहिजे. अशी एक घटना कल्पावी. रात्री रडते म्हणून अंगणात काढलेल्या पिलास एक परके कुत्रे चावून जाते. जखम लहान असते. तिला हळद लावली जाते व ती भरूनही येते. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी पिलू अन्न घेईनासे होते, कोपऱ्यात बसते, लाळ गाळते. घशात हाड अडकले असावे, असे समजून घरधनी त्याच्या तोंडात बोटे घालतो. मुलगा त्यास कुशीत घेतो, आणि पिलाचे दात त्याच्या मनगटास लागतात. “एवढेसे पिलू, दुधाचे दात, त्याचे काय विष!” असे म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. पिलू चार दिवसांत मरते. घरधनी व मुलगा या दोघांच्याही जिवास धोका असतो, आणि घरात त्याची कोणास कल्पना नसते.

ही कल्पित घटना असली तरी तिच्यातील प्रत्येक पायरी खरीखुरी घडते. अलर्क म्हणजे पिसाळ हा रोग पिलासही होतो. पिसाळलेले प्रत्येक कुत्रे अंगावर धावते असे नाही. काहींचा जबडा लुळा पडतो व ती मुकाट बसून राहतात. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे; पिसाळलेले कुत्रे पाणी पिण्याचा प्रयत्नही करते, म्हणून पाण्याचे भांडे पुढे ठेवून परीक्षा करू नये. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत रोगाचे विषाणू असतात. आणि माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

तथापि, वेळीच उपाय केल्यास मृत्यू टाळता येतो. लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम लस टोचली आणि तो वाचला, तेव्हापासून हे ज्ञान जगास उपलब्ध आहे. कुत्रे किंवा पिलू चावल्यास, ओरखडल्यास, किंवा त्याची लाळ जखमेस लागल्यास पुढील गोष्टी त्वरित कराव्यात. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. नंतर त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी व सांगितलेल्या तारखांस सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबरच प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने आजही काही लोक दवाखाना टाळतात. ती जुनी लस भारतात २००५ पूर्वीच बंद झाली; आजची लस दंडात, चार किंवा पाच वेळा टोचली जाते. चावलेल्या पिलास मारू नये. ते बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे, व त्याची स्थिती डॉक्टरांस कळवावी. मात्र त्यासाठी लस लांबणीवर टाकू नये.

पिलास पिसाळीची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात टोचावी आणि पुढे वर्षाने ती पुन्हा द्यावी. त्यानंतरचा क्रम पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पाळावा. त्यापूर्वीच पिलास परके कुत्रे चावल्यास त्यास उघड्या हाताने न हाताळता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. लस टोचल्याची तारीख असलेले कार्ड जपून ठेवावे.

वस्तीवरील विषे

पिलू प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते, आणि शेतवस्तीवर विषांची वाण नसते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड, पीठ व तेल मिसळून केलेल्या गोळ्या पिलास तितक्याच गोड लागतात. एरंडीची पेंड खत म्हणून उत्तम असली तरी तीत तीव्र विष असते. तिच्यात हाडांचा चुरा मिसळलेला असल्यास तर कुत्रे ती हुंगत येऊन खाते. औषध चोळलेले बियाणे व कीटकनाशकांचे रिकामे डबेही असेच घातक होत. या सर्व वस्तू कुलपात किंवा उंचावर ठेवाव्यात.

गोचिडांसाठी पिकावरची भुकटी चोळणे किंवा गुरांचे औषध न मोजता फासणे, यामुळेही पिले मरतात. पिलू आपले अंग चाटते हे विसरू नये. बारा आठवड्यांपर्यंत बारीक दातांचा कंगवा व चिमटा यांनी गोचीड व पिसवा काढाव्यात, गोणपाट उन्हात तापवावे, आणि औषध पशुवैद्यास विचारूनच वापरावे.

वळण लावणे

तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू जे पाहते, हुंगते व अनुभवते, ते त्यास जन्मभर परिचयाचे वाटते. जे या काळात कधीच पाहिले नाही, त्यास ते पुढे भिते किंवा त्यावर धावते. म्हणून या आठवड्यांत घरातल्या घरात त्यास सर्व प्रकारची माणसे दाखवावीत : काठी टेकणारे आजोबा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, शाळेतील मुले, दुधाचा गाडा घेऊन येणारा माणूस. ट्रॅक्टरचा व पाण्याच्या पंपाचा आवाज प्रथम दुरून ऐकवावा. शेळ्या, वासरे व कोंबड्या यांच्याजवळ त्यास दोरीने धरून बसवावे; शांत राहिल्यास भाकरीचा तुकडा द्यावा. कोंबडीमागे धावणाऱ्या पिलाचे कौतुक करून हसू नये. आज जो खेळ आहे, तीच सहा महिन्यांनी शेजाऱ्याशी भांडणाची जड होते.

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर पिलास लगेच एका ठराविक जागी बाहेर न्यावे, आणि तेथे शरीरधर्म उरकल्यास शाबासकी द्यावी. तीन-चार आठवड्यांत ते घर घाण करणे सोडते. घाणीत नाक घासणे किंवा मारणे यांनी ते केवळ लपून घाण करावयास शिकते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येतात. त्या वेळी हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चपला कुरतडते. त्यास सुताच्या दोरीची गाठ मारून चघळावयास द्यावी.

पिलू दिवसभर आखूड साखळीस बांधून ठेवल्याने ते चांगले राखणदार होते, ही समजूत चुकीची आहे. असे कुत्रे सर्वांवरच भुंकते, आणि चोर व पाहुणा यांतील भेद त्यास कधीच कळत नाही.

सोळा आठवड्यांचा कार्यक्रम

दुसरा, चौथा, सहावा आठवडा : आईजवळच असताना जंताचे औषध, त्याच वेळी आईसही औषध.
सहावा ते आठवा आठवडा : पार्व्हो व डिस्टेंपरची पहिली लस; जंताचे औषध.
आठवा आठवडा : पिलू घरी आणणे, चार वेळा आहार, रात्री बंद व उबदार जागा.
दहावा ते बारावा आठवडा : दुसरी लस, दहाव्या व बाराव्या आठवड्यात जंताचे औषध.
बारावा ते तेरावा आठवडा : पिसाळीची लस, तीन वेळा आहार.
चौदावा ते सोळावा आठवडा : राहिलेली लस पूर्ण करणे, दर महिन्याचे जंताचे औषध सुरू, त्यानंतरच गावात फिरविणे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी थंडीच्या दिवसांत आपल्या भागातील वस्त्यांवर फेरी मारताना नव्याने आणलेल्या पिलांची नोंद घ्यावी. दहा-वीस पिले एकत्र झाल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून एकाच दिवशी, एकाच ठिकाणी लस टोचण्याची व्यवस्था करणे सोपे जाते; एकेका पिलासाठी तालुक्याला जाणे शेतकऱ्यास जमत नाही आणि मग ते राहूनच जाते. शाळेत गुरुजींच्या मदतीने मुलांस दोनच गोष्टी सांगाव्यात : पिलू चावले तर घरी लपवू नये, आणि जखम साबणाने धुवावी. मुले मार बसेल या भीतीने चावा लपवितात, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. आईबापांसही सांगावे की, चावा दाखविणाऱ्या मुलास रागे भरू नये. त्यास घेऊन थेट दवाखाना गाठावा.

वस्तीवर आणलेले पिलू हे घरात आलेले एक नवे जनावरच आहे, आणि जनावराची निगा शेतकऱ्यास नवी नाही. कालवडीस जे लक्ष आपण देतो, त्याचा चौथा हिस्सा जरी या पिलास पहिल्या सोळा आठवड्यांत मिळाला, तरी पुढील कित्येक वर्षे रात्रीच्या वेळी खळ्यावर निर्धास्तपणे पाठ टेकता येईल.